मालदीवचे टायगर शार्क, मालवणची मुशी आणि आपला माळढोक

भीमाकाठ (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मालदीवला शार्कसोबत डायव्हिंग करून आले, हे कळल्यापासून जो तो दोनच गोष्टी विचारतोय: भीती नाही वाटली का, आणि पिंजरा होता का? पिंजरा नव्हता. भीतीचं पुढे सांगते. मला बोलायचंय ते न विचारलेल्या तिसऱ्या गोष्टीबद्दल. तिथे एवढे शार्क टिकले कसे आणि आपल्या किनाऱ्यावर ते का टिकेनात? समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब बसून मी हे का लिहितेय, तेही ओघात येईलच.

जागेचं नाव फुवाहमुलाह. मालदीवच्या अगदी दक्षिणेला, विषुववृत्त ओलांडलं की लगेच लागणारं एकुलतं एक बेट. भोवतीचा प्रवाळाचा कठडा संपला की समुद्र एकदम खोल जातो. तिथले कोळी पूर्वापार बंदरावर टूना साफ करतात आणि मुंडकी, आतडी तिथेच पाण्यात टाकतात. त्या वासावर टायगर शार्क बंदराच्या तोंडाशी येऊ लागले. पट्ट्यांवरून आणि पंखांवरच्या खाचांवरून आजवर दोनशेहून अधिक शार्क वेगवेगळे ओळखता आलेत. त्यात बहुतेक माद्या, आणि बऱ्याच गाभण. मालदीवने २०१० साली आपल्या सगळ्या समुद्रात शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली, म्हणून हे आज बघायला मिळतं.

डाइव्ह फार खोल नसतो, आठ-दहा मीटर. सगळ्यांनी प्रवाळाच्या कठड्याला पाठ लावून तळाशी एका ओळीत गुडघे टेकून बसायचं. हात अंगाशी घट्ट, हातात काळे मोजे, कारण उघडा तळहात पाण्यात मासळीसारखा चमकतो. शार्क जवळ आला की नजर त्याच्यावरून काढायची नाही, मान त्याच्याबरोबर फिरवायची. मागून येणाऱ्यावर लक्ष ठेवायला मार्गदर्शक असतात, त्यांच्या हातात एक काठी. ती मारण्यासाठी नसते. शार्क फारच जवळ आला तर त्याच्या नाकाशी आडवी धरायची, तो आपोआप वळतो.

माझ्या डाव्या बाजूने एक मादी आली. लांबी चार मीटरच्या आसपास. पाठीवरचे पट्टे वयामुळे पुसट झालेले, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. इतक्या जवळून गेली की तिच्या बोथट थोबाडावरची टाचणीच्या टोकाएवढी काळी छिद्रं मला स्पष्ट दिसली. समोरच्या जिवाच्या स्नायूंतून निघणारी सूक्ष्म वीज शार्कला त्या छिद्रांतून कळते. जबड्याच्या कोपऱ्यात एक गंजलेला गळ रुतलेला होता आणि त्याला हातभर नायलॉनची दोरी लोंबत होती. तीही तिच्याबरोबर पोहत होती. बंदी असलेल्या समुद्रातली ही मादी. सीमा ओलांडून कुठे गेली, तिथे तो गळ लागला आणि ती जगून परत आली. मला भीती वाटली ती त्या दोरीकडे बघताना.

आता आकडे. दरवर्षी जगात मासेमारीत सुमारे आठ ते दहा कोटी शार्क मरतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, खुल्या समुद्रातल्या शार्क आणि वाघळींची (पाकट माशांची) संख्या १९७० ते २०१८ या काळात ७१ टक्क्यांनी घटली. दुसरी बाजूही पाहा. माणसावर विनाकारण झालेले शार्कचे हल्ले जगभरात वर्षाला साधारण साठ-सत्तर, आणि त्यांत मृत्यू सरासरी पाच-सहा.

इथल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पक्षीगणनेला जाणाऱ्यांना पुढचं पटकन कळेल. माळढोकाची मादी एका वेळी एकच अंडं घालते. एक गेली की अख्खी पिढीच गेली. शार्कचं तसंच आहे. बांगडा, तारली हजारो अंडी सोडतात, वर्षभरात पुन्हा उभ्या राहतात. ग्रेट व्हाइट शार्कची मादी वयात यायलाच तीसहून जास्त वर्षं लागतात. टायगर शार्कचं गाभणपण वर्षाहून जास्त चालतं आणि मादी दरवर्षी वितही नाही. ज्या वेगाने आपण काढतो त्या वेगाने हा मासा भरून निघूच शकत नाही.

म्हणून माझं मत असं: शार्क वाचवायचा तर तो जिवंत असण्यात किनाऱ्यावरच्या माणसाचा फायदा असला पाहिजे, आणि नीट नियमाने केलेलं डायव्हिंग हा त्याचा एक चांगला मार्ग आहे. पलाऊ या चिमुकल्या देशाने २००९ साली आपला सगळा समुद्र शार्कसाठी राखीव केला. तिथल्या एका अभ्यासात निघालं की प्रवाळावर राहणारा एक शार्क आयुष्यभरात पर्यटनातून सुमारे १९ लाख डॉलर मिळवून देतो. मारून विकला तर मिळतात १०८ डॉलर.

तुम्हाला काय वाटतं, लिहा.

होटगीरोड

ताई, लिखाण आवडलं. पण एक मनापासून विचारतो, राग मानू नका. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. अशा गावातल्या माणसाने शार्कची काळजी कशासाठी करायची? शिवाय हे डायव्हिंग परवडणाऱ्यांचा खेळ आहे. आणि मासळीची मुंडकी टाकून जनावर बोलवायचं हे मला तरी पटत नाही. माकडांना शेंगदाणे टाकून टाकून आपण त्यांना घरात घुसायला शिकवलं, तसंच झालं हे.

भीमाकाठ

राग कसला दादा, दुसरा मुद्दा तर अगदी बरोबर आहे, आधी त्याच्यावर लिहिते.

खायला घालून बोलावणं याचे प्रकार आहेत. फिलिपिन्समधल्या ओस्लोबला व्हेल शार्कना रोज सकाळी होडीतून कोळंबीचा चारा टाकतात. हा मासा मुळात भटका, हजारो किलोमीटर फिरणारा. तिथे काही शार्क महिनोन् महिने मुक्काम ठोकून राहू लागले, आणि होड्यांना घासून त्यांच्या अंगावर जखमाही दिसतात. त्या प्रकाराला माझा विरोध आहे, कोणी विचारलं तर तिथे जाऊ नका असंच सांगते. फुवाहमुलाहला टूनाचा कचरा पर्यटनाच्या आधीपासून पडत होता. पण आता डाइव्हसाठी मुद्दाम दगडाखाली मुंडकी ठेवतात, हेही खरं. तिथे काय राखलं पाहिजे? शार्कच्या तोंडात हाताने खाणं द्यायचं नाही, एका वेळी ठरावीकच माणसं पाण्यात उतरवायची, आणि नवशिक्यांना न्यायचं नाही. जिथे हे पाळत नाहीत तिथे पैसे देऊ नयेत. गिऱ्हाईक म्हणून एवढं आपल्या हातात आहे.

पिंजऱ्याचंही सांगते. ऑस्ट्रेलियाच्या रॉडनी फॉक्स यांना १९६३ साली ग्रेट व्हाइटने जबर चावलं होतं. ते वाचले, पुढे त्यांनीच शार्क बघण्यासाठी पिंजरा तयार करून घेतला आणि नंतरचं आयुष्य शार्कच्या बाजूने बोलण्यात घालवलं. मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर पिंजऱ्यातलं डायव्हिंग फार गाजलं होतं, पण शार्क पिंजऱ्यात अडकून जखमी होऊ लागले आणि सरकारने २०२३ च्या सुरुवातीला तिथलं शार्क पर्यटन बंदच केलं. मला तो निर्णय योग्य वाटतो.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर गवताळ गुरुजींनी द्यावं असं वाटतं. ते नान्नजच्या बाजूचे आहेत.

गवताळ

भीमाकाठ ताईंनी नाव घेतलं म्हणून लिहितो. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि आमचं रान अभयारण्याला लागून आहे.

माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. कागदावर बघा केवढं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. जमीन विकायची तर परवानगी, विहीर-बांधकामाला अडथळा, कर्ज काढायला अडचण. लोकांच्या मनात त्या पक्ष्याबद्दल अढी बसली. त्याने काय वाईट केलं होतं? शेतातले किडे-टोळच खात होता बिचारा. पण कायदा आला तो त्याचं नाव घेऊन, म्हणून राग त्याच्यावर निघाला. पुढे ते क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर उशीर झाला होता. आज देशात दीडशेसुद्धा माळढोक उरले नाहीत, त्यांतले बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. माझे वडील सांगायचे की माळावर बैलं चारताना हा पक्षी शेजारी चालायचा.

होटगीरोड भाऊ, सोलापूरच्या माणसाने शार्कची काळजी का करावी, याचं माझं उत्तर एवढंच. हळू वाढणारा प्राणी गावातल्या लोकांना सोबत न घेता वाचवायला गेलं की काय होतं, ते आपण या जिल्ह्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ते किनाऱ्यावरच्या लोकांना आपण सांगू शकतो. अनुभव आपल्याकडे आहे.

विज्ञानाचं एक जोडतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाची खाडी आहे, तळाला समुद्री गवताची कुरणं. तिथे टायगर शार्कचा वावर असतो तेव्हा डुगाँग (समुद्री गाय) आणि कासवं एका जागी तळ देऊन गवत मुळापासून साफ करत नाहीत, सावधपणे हलत राहतात. म्हणजे शार्क कोणाला न खाताही, नुसता असल्यानेच कुरण राखतो. आमच्या माळावर लांडगा हेच काम करतो. धनगर मेंढरांची जागा बदलत राहतात त्याला लांडग्याची भीती हेही एक कारण असतं, आणि गवताला दम मिळतो.

होटगीरोड

गुरुजी, हे असं कोणी सांगितलं नव्हतं. पटलं.

सर्जेकोट (मालवण)

सोलापूरकरांच्या धाग्यात मालवणचा माणूस घुसतोय, चालेल ना? आमचं घर रापणवाल्यांचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांचं. आता भाऊ डायव्हिंगची होडी चालवतो आणि मी अजून जाळ्यावर जातो. त्यामुळे दोन्ही बाजू घरातच आहेत.

आधी अभयारण्याबद्दल. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, २९ चौरस किलोमीटरचं. गुरुजींनी माळढोकाचं जे सांगितलं ते वाचून वाटलं की आमचीच गोष्ट सांगतायत. त्या वेळी मच्छिमारांना कोणी धड विचारलं नाही. आपल्या दारातला समुद्र आपल्याला बंद होणार ही भीती बसली ती बसलीच. अजूनही अभयारण्य म्हटलं की आमच्याकडे सभा तापते.

आता मुशीचं. मुशी किंवा मोरी म्हणजे शार्कच, आणि ती आमच्या जेवणात पूर्वीपासून आहे. मोरीचं मटण हा काही हॉटेलवाल्यांनी काढलेला पदार्थ नाही, बाळंतिणीलाही देत आले लोक. म्हणून कोणी शहरातून येऊन एकदम 'खाऊ नका' म्हटलं तर आमच्या आईला ते लागणारच. पण मी जे बंदरावर बघतो ते लिहितो. लिलावाच्या ढिगात कानमुशीची (हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कची) पिल्लं असतात. हातभरसुद्धा नाहीत. उलटं करून बघितलं तर पोटावर दोन पंखांच्या मधे नाळेची खूण अजून उघडी असते, बोट लावलं तर मऊ लागते. म्हणजे जन्मून आठवडेच झालेले. अशी टोपलीभर. या मालाला भावही फार मिळत नाही. ट्रॉलरच्या जाळ्यात इतर मासळीबरोबर येतात, वर येईपर्यंत मेलेली असतात, मग टाकायची कशाला म्हणून विकतात. मुशी धरायला मुद्दाम कोणी जात नाही आमच्याकडे. नुकसान सगळं असं, न ठरवता होतं.

रापण, छोटं जाळं, गळ यांवर जगणारा माणूस आणि एलईडी लावून रात्री मासळी गोळा करणारी मोठी बोट यांना एका तराजूत तोलू नका, एवढी विनंती. एलईडीवर २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात उजेड दिसतो.

भीमाकाठ

घुसता कसले, तुमचीच वाट होती. नाळेच्या खुणेचं वाचून काटा आला अंगावर. कानमुशी २०१३ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत घेतली गेली, म्हणजे देशाबाहेर विकायची तर परवाना हवा. पण जाळ्यात येऊन इथेच विकल्या जाणाऱ्या पिल्लांना त्या यादीचा उपयोग नाही. ती जिथे जन्मतात त्या उथळ खाड्यांमध्ये पिल्लांच्या हंगामापुरतं ट्रॉलरना लांब ठेवलं तर उपयोग होईल. आणि ती खाडी कुठली, महिना कुठला, हे तुमच्यासारख्यांनाच माहीत असणार.

मला तुमच्या आईंना काहीच सांगायचं नाही. मी स्वतः मुशी खात नाही, त्याला एक कारण पाऱ्याचंही आहे. मोठा शिकारी मासा आयुष्यभर इतर मासे खातो, त्यांच्यातला पारा त्याच्या मांसात साठत जातो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शार्क खाऊ नये असं अमेरिकेच्या अन्न-औषध विभागाचं सांगणं आहे. बाळंतिणीचा उल्लेख आला म्हणून मुद्दाम लिहिलं.

अशोकचौक

माझं औषधाचं दुकान आहे. चेहऱ्याच्या क्रीमवर 'स्क्वालेन' लिहिलेलं असतं ते शार्कच्या तेलाचं असतं असं गिऱ्हाईक हल्ली विचारतात. खरं का हे?

भीमाकाठ

असू शकतं, ताई. खोल समुद्रातल्या शार्कच्या यकृतात स्क्वालीन भरपूर असतं, त्यापासून स्क्वालेन करतात. आता ऑलिव्ह आणि उसापासूनही निघतं आणि बऱ्याच कंपन्या तेच वापरतात. वेष्टनावर वनस्पतिजन्य असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच ठेवा. हे तेलवाले खोल पाण्यातले शार्क तर सगळ्यात नाजूक. गाभणपण दोन वर्षांच्या आसपास आणि पिल्लू एखाद-दुसरं. मालदीवमध्ये शार्कवर बंदी येण्याच्या कितीतरी आधी या तेलाचा धंदा काही वर्षं जोरात चालला आणि मग मासाच मिळेना म्हणून बसला.

अशोकचौक

उद्यापासून बघून ठेवते. उसाचं असेल तर आपल्या जिल्ह्याला काय तोटा!

भाग्यनगर_नव्हे_सोलापूर

कायदा काय म्हणतो आपला? शार्क धरणं गुन्हा आहे का?

भीमाकाठ

सगळे शार्क नाहीत. व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मे २००१ मध्ये घेतलं, म्हणजे वाघाइतकं संरक्षण. त्याच वर्षी गंगा शार्क, करवत मासा वगैरे आणखी काही जाती आल्या. २०१३ मध्ये नियम आला की शार्क बंदरात आणायचा तर पंखांसकट अखंड आणायचा, म्हणजे पंख कापून धड समुद्रात फेकायचा प्रकार बंद. फेब्रुवारी २०१५ मध्ये शार्कच्या पंखांच्या निर्यातीवर बंदी आली. २०२२ च्या दुरुस्तीने यादी आणखी वाढली. बाकीचे शार्क धरायला आजही मोकळीक आहे, आणि शार्क पकडणाऱ्या जगातल्या मोठ्या देशांत आपला नंबर वर लागतो.

कायद्यापेक्षा मला गुजरातचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. वेरावळच्या पट्ट्यात व्हेल शार्कची मोठी शिकार चालायची. यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला लावायचे, मांस परदेशी जायचं. २००१ च्या बंदीने कोळी चिडलेच. मग २००४ मध्ये भारतीय वन्यजीव न्यास आणि इतरांनी मोहीम काढली आणि रामकथाकार मोरारीबापूंना बोलावलं. बापूंनी कोळ्यांना सांगितलं की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणारी लेक आहे. तिथे ती 'व्हाली' झाली, म्हणजे लाडकी. ज्या हातांनी हार्पून मारायचे त्याच हातांनी कोळी जाळं कापून तिला सोडू लागले, आणि फाटलेल्या जाळ्याची भरपाई वनखात्याकडून मिळायची सोय झाली. आजवर शेकडो व्हेल शार्क असे सोडले गेलेत. गुरुजींनी सांगितलेल्या गोष्टीची ही उलटी बाजू. तिथे कायद्याच्या मागोमाग माणूस गेला, लोकांच्या भाषेत बोलला, आणि जाळ्याचे पैसेही दिले.

गवताळ

माहेरी आलेली लेक! आमच्या बाजूला कोणी माळढोकाबद्दल असं एक वाक्य वेळेवर बोललं असतं तर.

जलतरण_०७

नमस्कार, मी इंजिनिअरिंगला आहे, महापालिकेच्या तलावात रोज पोहतो. ताई, सोलापूरहून स्कूबा शिकायचं तर कुठून सुरुवात करू? तळाला बुडी मारली की कान ठणकतो, चालेल का? आणि एक प्रश्न, मित्रांशी पैज लागलीय: उजनीत शार्क येऊ शकतो का?

भीमाकाठ

कान ठणकणं म्हणजे कानात दाब साचणं. नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकेच हवा ढकलायची, कानात 'टक्' होतं. हे दुखायला लागायच्या आधी करायचं, दर हातभर खोलीला. सर्दी असताना उतरायचंच नाही. तरीही दुखत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव, कारण पडद्याला भोक असेल तर स्कूबा नाही.

मालवण-तारकर्लीला पर्यटकांना जो अर्ध्या तासाचा डाइव्ह देतात त्यात शिक्षक मागून धरून ठेवतो, तुला काही करावं लागत नाही. चव घ्यायला ठीक आहे. शिकायचं तर ओपन वॉटरचा पूर्ण कोर्स कर, त्यात अठरा मीटरपर्यंतची परवानगी मिळते. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा संस्था आहे, सोलापूर–रत्नागिरी महामार्गाने कोल्हापूर आणि पुढे घाट उतरला की मालवण. टायगर शार्कच्या पाण्यात जायच्या आधी मात्र शंभर वेळा तरंगणं जमलं पाहिजे. म्हणजे हात न मारता, नुसत्या श्वासावर एका उंचीवर स्थिर राहणं. जो हातपाय झाडतो तो शार्कला घायाळ माशासारखा दिसतो. आणि डायव्हिंग करून लगेच विमानात बसायचं नाही, एकाहून जास्त डाइव्ह झाले असतील तर किमान अठरा तास थांबायचं.

उजनीबद्दल तू कुठल्या बाजूने पैज लावलीस माहीत नाही. बुल शार्क गोड्या पाण्यात राहू शकतो आणि नद्यांत खूप आतवर जातो हे खरं. पण भीमेचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत वाटेत इतकी धरणं आहेत की उजनीपर्यंत येणं शक्य नाही. नदीतला खरा शार्क म्हणजे गंगा शार्क. जगात तो इतका दुर्मीळ आहे की २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर एक मादी मेलेली सापडली तर तेवढ्यावर शोधनिबंध निघाला.

जलतरण_०७

पैज जिंकलो ताई! कान दाखवून घेतो या आठवड्यात.

होटगीरोड

सर्जेकोट भाऊ, एक विचारायचंय. भीमाकाठ ताई म्हणतात तसं शार्क बघायला पर्यटक आले तर मालवणला खरंच फायदा होईल का? की पैसा हॉटेलवाल्यांच्याच खिशात जाईल?

सर्जेकोट (मालवण)

चांगला प्रश्न. खरं सांगतो, आमच्या पाण्यात मालदीवसारखं दिसत नाही. पावसाळ्यानंतर गाळ बसायला वेळ लागतो, नोव्हेंबरनंतर बरं दिसतं. शार्क दिसेल असं आश्वासन कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. व्हेल शार्क मात्र दिसतो अधूनमधून, जाळ्यातही येतो.

स्कूबाचा फायदा झालाय. आमच्या वाडीतली पोरं मुंबईला न जाता इथे राहिली ती त्यामुळे. पण मोसमात सिंधुदुर्ग किल्ल्यामागे एकाच जागी इतक्या होड्या नांगर टाकतात की प्रवाळ मोडतो. होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये असले तर नांगर पडणार नाही, हे आम्ही सारखं सांगतोय. माझं म्हणणं, आलेल्या प्रत्येक पर्यटकाकडून ठरावीक रक्कम घेऊन ती रापण संघाच्या हातात द्या. जो समुद्र राखणार त्याला त्यातलं मिळू द्या.

भीमाकाठ

फिजीमध्ये नेमकं हेच झालंय. २००४ पासून शार्क रीफ म्हणून एक जागा राखीव आहे, बुल शार्कसाठी प्रसिद्ध. भोवतालच्या गावांनी तिथला मासेमारीचा हक्क सोडला आणि त्या बदल्यात प्रत्येक डायव्हरकडून घेतलेली पट्टी थेट गावांना मिळते. पाण्यातले मार्गदर्शकही बरेचसे गावातलेच. पैसा कुठून येतो आणि कोणाला मिळतो हे गावाला दिसतं, म्हणून राखण गावच करतं. मालवणला हे जमू नये असं काहीच कारण मला दिसत नाही.

गवताळ

आमच्या मुलांना हे ऐकवायचंय. भीमाकाठ ताई, शाळेत याल का एखाद्या शनिवारी? आणि सर्जेकोट भाऊ, तुम्ही फोनवरून बोललात तरी चालेल. मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, पण माळढोक, लांडगा, काळवीट त्यांना ठाऊक आहेत. त्यांना समजावायला वेळ लागणार नाही.

भीमाकाठ

येते गुरुजी, आनंदाने. गड्ड्याची जत्रा उरकली की तारीख ठरवू.

सर्जेकोट (मालवण)

मी फोनवर आहेच. सकाळची शाळा असेल तर दहानंतर, तोवर आम्ही बंदरावर असतो.

जाता जाता एक माहिती, इथे कोणाचे किनाऱ्यावर पाहुणे असतील तर कळवा त्यांना. महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून भरपाईची योजना आहे. व्हेल शार्क, कासव, डॉल्फिन असा संरक्षित जीव जाळ्यात आला आणि जाळं कापून सोडला तर पंचवीस हजारांपर्यंत मिळतात. आमच्याकडे बऱ्याच जणांना अजून हे माहीत नाही. काही जण हात आखडतात की अर्ज कोण करणार. जीव जाळ्यात असतानाचा आणि सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवायचा, फाटलेलं जाळं फेकून द्यायचं नाही, आणि होडीच्या नोंदणीच्या कागदासह मत्स्य विभागाच्या कार्यालयात जायचं. अर्ज भरायला अडलं तर मला इथे निरोप टाका, मी भरून देतो.